घशाचा कॅन्सर: केमो आणि शेक सोबत घेताना

घशातली गाठ वाढली आहे, गळ्यातल्या लसिकाग्रंथींपर्यंत (मानेतल्या अवधाणांपर्यंत) पोचली आहे, पण शरीरात इतरत्र गेलेली नाही, अशा वेळी बहुतेकदा रेडिएशन आणि केमो सोबतच देतात. आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात तेच हे रेडिएशन. गाठ मारण्याचं मुख्य काम शेकाचं. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन गाठीच्या पेशींना स्वतःची दुरुस्ती करू देत नाही, म्हणून शेक जास्त लागू पडतो. पुष्कळांचं स्वरयंत्र यातून वाचतं. मात्र गाठ स्वरयंत्राची कूर्चा (मऊ हाड) फोडून बाहेर आली असेल, तर सहसा आधी ऑपरेशनच करतात.

नेहमीचा हिशोब असा: 70 ग्रे (ग्रे म्हणजे शेकाचं माप), 35 शेकांत, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सात आठवडे. सिस्प्लॅटिन शरीराच्या पृष्ठभागाच्या (उंची-वजनावरून काढलेल्या) दर चौरस मीटरला 100 मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, किंवा 40 मिलिग्रॅम दर आठवड्याला. किडनी कमजोर असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर डॉक्टर डोसेटॅक्सेलसारखं दुसरं औषध निवडतात. सत्तरीनंतर केमोचा फायदा कमी होत जातो, तेव्हा ‘द्यायचीच का?’ हे मोकळेपणाने विचारा.

हे सात आठवडे तुटता कामा नयेत. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात; खंड पडला की त्यांना सवड मिळते. पेरणी, पोळा, लग्न, काहीही असो, शेक चुकवू नका. बीड, हिंगोली, परभणीहून रोज एसटीने संभाजीनगर गाठणं तिसऱ्या आठवड्यानंतर झेपत नाही, राहायची सोय आधीच लावा. मशीन बंद पडलं तर ‘शनिवारी भरून काढता येईल का?’ असं विचारा.

सुरुवात दातांपासून. किडलेले दात आधी काढून 10 ते 14 दिवस जखम भरू द्यावी लागते. शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याची भीती असते. याच दिवसांत महात्मा फुले योजनेची कागदं (शिधापत्रिका, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट) पुढे सरकवा. शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याचा मास्क बनवतात, तो बनवायला दाढी काढूनच जा. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार शीट चेहऱ्यावर बसवतात, काही मिनिटांत ती कडक होते. पुढे वजन उतरून मास्क ढिला वाटला तर टेक्निशियनला लगेच सांगा, नाहीतर शेक जागचा सरकतो. तंबाखू, गुटखा, मिश्री, बिडी पहिल्या दिवसाआधीच सुटली पाहिजे. बिडीचा धूर तर शेकाचा परिणामच कमी करतो.

प्रत्येक केमोआधी रक्तपेशी आणि क्रिएटिनिन (रक्तातली किडनीची तपासणी) तपासतात. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सिस्प्लॅटिन घेणाऱ्याने तहान लागायची वाट पाहू नये. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी प्यावं. घसा दुखला म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेन आणलंत तर किडनीवर दुहेरी मार बसतो. दवाखान्यातूनच औषध घ्या. कानात आवाज येऊ लागला, लघवी कमी झाली, तर पुढच्या सलाईनआधी सांगा. उलटी दुसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर करते, तेव्हा लिहून दिलेल्या गोळ्या बरं वाटलं तरी पूर्ण घ्या. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र काढू नका, त्याच वेळी दवाखान्यात जा.

तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ, एक लहान चमचा खायचा सोडा. दर दोन-तीन तासांनी चूळ. आंबील पौष्टिक खरी, पण आंबट असल्याने झोंबते. त्यापेक्षा दुधात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, पातळ वरण-भात तुपासह, अंडं, केळं. गिळणं बंद होत आलं की नाकातून नळी टाकून घ्या. तिची लाज नको, तिच्यामुळेच उपचार पूर्ण होतात. नळीतून देताना अन्न मिक्सरमधून काढून पातळ सुती कापडातून गाळा, रुग्णाला टेकून बसवा, आधी-नंतर 30 ते 50 मिलिलिटर पाणी सोडा, आणि अर्धा तास आडवं करू नका. नळी असली तरी दिवसातून थोडं-थोडं गिळत राहा, नाहीतर घशाचे स्नायू गिळणं विसरतात. गळ्याच्या काळवंडलेल्या कातडीवर हळद, चुना, बाम काही लावू नका.

पेट स्कॅनची (गाठ उरली का ते बघणाऱ्या स्कॅनची) घाई नको. शेक संपल्यावर साधारण 12 आठवडे थांबावं, नाहीतर नुसती सूजसुद्धा गाठ असल्यासारखी दिसते. थायरॉइडची टीएसएच तपासणी मात्र दर सहा ते बारा महिन्यांनी, पुढची कित्येक वर्षं.