श्रीलंकेची सायकल सफर आखताय? या चुका टाळा

रविवारी पहाटे ठाण्याच्या तीन हात नाक्यावर जमणाऱ्या आमच्या सायकलवाल्यांत वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी श्रीलंकेचा बेत घेऊन येतं. बेत चांगलाच आहे. मुंबईहून विमानाने अडीच-तीन तासांत कोलंबो, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, आणि दोन आठवड्यांत समुद्र, चहाचे मळे, हत्तींची रानं, भाताची खाचरं आणि उत्तरेचं कोरडं सपाट माळ, सगळं एकाच सफरीत. पण मोबाईलवर जो तक्ता दाखवतात तो बघून मला काळजी वाटते. पहिला दिवस 85 किलोमीटर, दुसरा 90, तिसरा 85. देश दर दोन दिवसांनी बदलतोय आणि आकडा मात्र बदलत नाही.

आमचा पहिला तक्ताही असाच होता. कँडी ते नुवारा एलिया साधारण 77 किलोमीटर, म्हणजे दुपारच्या जेवणाला पोहोचू, असं आम्ही चौघांनी ठरवलं होतं. कँडी समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटरवर आहे आणि नुवारा एलिया 1868 मीटरवर. रंबोडाच्या वळणांवर आलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, धुकं खाली उतरलं होतं आणि आमच्यातल्या एकाचा गुडघा सकाळपासून दुखत होता. शेवटचा टप्पा भाजी पोहोचवून रिकाम्या परतणाऱ्या छोट्या लॉरीत सायकली टाकून गाठला. लॉरीवाले काका पैसे घ्यायला तयार नव्हते. त्यांचा चेहरा आजही आठवतो.

किलोमीटर मोजू नका, तास मोजा

गणित मांडून बघा. तुम्ही 75 किलोचे, सायकल 15 किलोची, सामान 15 किलो, मिळून 105 किलो. हे ओझं 1000 मीटर वर न्यायला जवळपास 10 लाख ज्यूल ऊर्जा लागते. नेहमीच्या हौशी सायकलस्वाराचे पाय तासन् तास 120 वॅट देऊ शकतात असं धरलं, तर नुसती उंची मिळवायला दोन तास पंचवीस मिनिटं गेली. रस्त्याचं घर्षण, वारा, मधले उतार आणि पुन्हा चढ, चहा, फोटो, हे सगळं वेगळं. कँडीहून निघताना असे जवळजवळ दीड हजार मीटर समोर असतात.

म्हणून आधी स्वतःचा वेग काढा. ठाण्यात त्याला येऊरचा चढ आहे, नवी मुंबईत पारसिक हिल किंवा खारघरच्या टेकड्या. सामानाच्या पिशव्या खरोखर भरा, घड्याळ लावा आणि तासाला किती मीटर उंची मिळते ते नोंदवा. तोच आकडा श्रीलंकेच्या प्रत्येक दिवसाला लावा. एकूण चढ सायकलिंगच्या कुठल्याही नकाशा-ॲपवर दिसतो. फक्त सुरुवातीची आणि शेवटची उंची बघून फसू नका. नुवारा एलियाहून एल्ला बरंच खाली आहे, म्हणून तो दिवस सगळ्यांना आरामाचा वाटतो. प्रत्यक्षात वेलिमडापर्यंत मस्त उतार आणि तिथून बंडारवेलाकडे पुन्हा दमवणारा चढ.

हे केलंत की तक्ता आपोआप बदलतो. कँडी-नुवारा एलियाचे दोन दिवस होतात, मध्ये पुसेल्लावा किंवा रंबोडाला मुक्काम. उलट अनुराधापुराच्या बाजूच्या सपाटीवर 100 किलोमीटरही निवांत होतात, अट एवढीच की ऊन तापायच्या आधी निघायचं.

आपल्या सुट्ट्या आणि तिथला पाऊस

ही चूक खास आपल्या घरांतली. मुलांच्या शाळा, ऑफिसातली रजा, सगळं दिवाळी आणि मे महिन्याभोवती फिरतं. श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम भाग आणि मध्यवर्ती डोंगर यांना मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी पाऊस झोडपतो. पूर्व आणि उत्तर भागाला साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस मिळतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बेटावर जवळजवळ सगळीकडे पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास येतात. 2025 च्या नोव्हेंबरअखेरीस दितवा चक्रीवादळाने तिथल्या डोंगराळ जिल्ह्यांत दरडी कोसळून किती हानी झाली, ते आपण बातम्यांत पाहिलं.

तेव्हा संपूर्ण बेटाचा फेरा करायचा असेल, तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च धरा. दहावी-बारावीच्या परीक्षा घरात असतील तर तो महिना हातचा जातो, हे मला ठाऊक आहे. मग मे महिन्यात डोंगराचा हट्ट सोडा आणि अनुराधापुरा, पोलोन्नरुवा, त्रिंकोमाली, जमलं तर जाफना असा कोरडा फेरा करा. उन्हाळा कडक असतो, पण पाऊस वाट अडवत नाही आणि पूर्व किनाऱ्याचा समुद्र तेव्हा शांत असतो. दिवाळीत जायचं म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, त्या दिवसांत सायकल घेऊन आपल्या कोकणात जा. रस्ते धुऊन निघालेले असतात आणि भात कापणीला आलेला असतो.

सराव चुकीच्या रस्त्यावर

नवी मुंबईच्या सपाट पाम बीच रोडवर कितीही फेऱ्या मारल्या तरी चढाची तयारी होत नाही. अलिबाग-मुरूडच्या सहली करणाऱ्यांनाही मी थोडं थांबवते. आगरदांड्याहून जेट्टीने दिघीला उतरून दिवेआगर-श्रीवर्धन गाठणं सुंदर आहे, पण कोकणातले चढ आखूड आणि तिखट, दहा-पंधरा मिनिटांत संपणारे. श्रीलंकेच्या डोंगरातला चढ सौम्य पण चिवट, अर्धा दिवस पाठ न सोडणारा. त्याच्या जवळ जाणारं आपल्याकडे काही असेल तर कसारा घाट. ठाण्याहून शहापूरमार्गे घाट चढून इगतपुरी, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. सगळं सामान लादून. ट्रकांची गर्दी असते, म्हणून रविवारी पहाटे निघा आणि आरसा लावा. हा आरसा पुढेही कामाला येईल, कारण श्रीलंकेतल्या अरुंद मुख्य रस्त्यांवर खासगी बसगाड्या फार जवळून जातात. एक्स्प्रेसवेवर तिथेही सायकलला बंदी आहे, आपल्या मुंबई-पुण्यासारखीच.

परतीचा दुसरा दिवस टाळू नका. पहिल्या दिवशी सगळेच धावतात. सीट टोचते का, कॅरियरचा कुठला स्क्रू ढिला होतो, पिशवी टाचेला लागते का, हे दुसऱ्या दिवशी कळतं.

गिअर

आपल्याकडे रोड बाईकला पुढे लहान चक्र 34 दात्यांचं आणि मागे मोठं 28 चं, असं सर्रास असतं. पॅडलच्या एका फेरीत चाक सव्वा फेरीच्या आसपास फिरतं. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेनऊ किलोमीटर, आणि सहा टक्के चढावर 105 किलो घेऊन तो टिकवायला 180 वॅटच्या वर ताकद लागते. हायब्रिडला पुढे 28 आणि मागे 32 असेल, तर त्याच फेऱ्यांत वेग सातच्या खाली येतो आणि ताकद 130 च्या आसपास पुरते. हा फरक थेट गुडघ्यावर पडतो. दुकानात जाऊन मागची कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच, 34 किंवा 36 ची बसेल का, साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर तेवढा पेलेल का, हे विचारा. नवी महागडी सायकल घेण्याआधी हा खर्च करून बघा.

ब्रेकचे नवे पॅड सोबत हवेतच. एल्लाहून वेल्लवायाला जाणारा उतार 27 किलोमीटरचा आहे आणि सामानासह सायकल सुसाट सुटते. ब्रेक सतत दाबून धरला की रिम किंवा डिस्क तापते आणि पकड जाते. थोडा वेळ जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. रावणा धबधब्यापाशी सगळे थांबतातच, तिथे ब्रेक निवू द्या.

अंधार आणि हत्ती

येऊरला राहणारी माणसं तिन्हीसांजेला रानाच्या कडेने एकटी फिरत नाहीत, कारण बिबट्याची वेळ त्यांना माहीत असते. श्रीलंकेच्या कोरड्या प्रदेशात तोच नियम हत्तींसाठी. हबरना परिसरातले रस्ते, तिथून पोलोन्नरुवा आणि त्रिंकोमालीकडे जाणारे, तसंच बुत्तल-कतरगामा रस्ता, इथे रानहत्ती सरळ डांबरावर येतात. बुत्तल-कतरगामा सायकलवरून करूच नका, सायकल आणि सामान गाडीत टाका. बाकी ठिकाणी सकाळी उजाडून तासभर झाल्यावर निघा आणि चारच्या आत मुक्काम गाठा. हत्ती दिसला तर लांबच थांबा, मोठी गाडी येऊ द्या आणि तिच्या आडून जा. फोटोसाठी पुढे सरकू नका. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे वर्षभर सहा-साडेसहाला सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश झटकन संपतो, म्हणून उशिराची भरपाई करायला वेळच उरत नाही. तलाव बघून पोहायची इच्छा होईल, पण त्यांत मगरी असतात.

खाणंपिणं

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: उंबलकड. हा वाळवलेला मासा, त्याचा चुरा नारळाच्या सांबोल चटणीत आणि कधीकधी साध्या भाजीतही असतो. परिप्पू म्हणजे आपली मसूर डाळ, अप्पा आणि इंदिअप्पा म्हणजे तांदळाचे आप्पम आणि शेवया. या तिन्हींवर दिवस आरामात निघतो, तरी डाळीबद्दलही विचारून घ्या. रस्त्याकडेला केशरी शहाळी मिळतात, त्यांना थंबिली म्हणतात. कोरड्या भागात दर तासाला एक बाटली पाणी पोटात जायला हवं आणि दिवसातून एकदा तरी ओआरएस. लघवी गडद झाली म्हणजे उशीर झालाय, सावलीत बसा.

वाटेत बिघडलं तर

गुडघा पुढून दुखला तर बहुतेकदा सीट खाली असते, मागून दुखला तर वर. एका वेळी चार-पाच मिलिमीटरच हलवा आणि हलका गिअर लावा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातावर दाब येतोय. हाताची जागा दर दहा मिनिटांनी बदला, सीटचं टोक खाली झुकलं असेल तर ते समतल करा.

स्पोक, म्हणजे चाकाची तार, तुटतो तो मागच्या चाकाचा, आणि बहुधा गिअरच्या बाजूचा, कारण त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात. तो बदलायला कॅसेट काढावी लागते. योग्य मापाचे चार स्पोक, कॅसेट काढायचं हत्यार आणि ते वापरायचा घरच्या घरी केलेला सराव, तिन्ही सोबत हवं. गावातला सायकलवाला कुशल असतो, पण त्याच्याकडे तुमच्या कॅसेटचं हत्यार असेलच असं नाही. डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, म्हणजे हँगर, प्रत्येक सायकलचा वेगळा. एक जास्तीचा ठेवा, जेमतेम मूठभर वजन.

नुवारा एलियाला पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे उताराच्या दिवशी पिशवीच्या वरच्या थरात ठेवा.

विमान आणि खोका

व्हिसाचे नियम अलीकडे अनेकदा बदललेत, म्हणून निघण्याआधी श्रीलंकेच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा, जुन्या मित्राच्या आठवणीवर जाऊ नका. पॉवर बँक केबिनच्या पिशवीत. सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात भरताना टायरमधली हवा कमी करा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, नाहीतर लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. डिरेलर सोडवून फ्रेमला आतल्या बाजूला बांधा.

पहिला आणि शेवटचा मुक्काम विमानतळाजवळच्या निगंबोला करा आणि खोका त्याच गेस्ट हाऊसमध्ये ठेवून जा, आधी विचारून. म्हणजे रस्ता गोल आखला जातो. परतीच्या उड्डाणाआधी एक पूर्ण दिवस रिकामा ठेवा, पावसाने, पोटाने किंवा स्पोकने तो खाल्ला तर खाऊ दे. आणि पॅडल काढताना घाई नको: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतं.