कंबर किती वाकते? शिवणाची टेप घेऊन घरीच मोजा

कंबर दुखायला लागली की माणूस सगळ्यात आधी वाकणं सोडतो. खाली पडलेला रुमाल दुसऱ्याला उचलायला सांगतो, बुटाची नाडी पाय खुर्चीवर ठेवून बांधतो. उसण भरली त्या दिवशी हे ठीकच. पण दुखणं उतरल्यावरही कित्येक जण महिनोन्‌महिने तसेच ताठ राहतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं, "मणक्यात गॅप आलाय, आता आयुष्यात वाकू नका." फिजिओथेरपीच्या कामात माझा सगळ्यात जास्त वेळ या एका वाक्याशी झगडण्यात जातो.

त्यावर मला सापडलेला सगळ्यात साधा उपाय म्हणजे मोजणं. कंबर आज किती वाकते आणि आठवड्यागणिक त्यात काय बदलतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की भीती कमी होते. त्यासाठी शिंपी वापरतात तशी टेप, एक स्केचपेन, एक वही आणि मदतीला घरातलं कुणीतरी हवं.

आधी हे पाहा

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा येणं, पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही असेल तर टेप बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम, कारण नसताना वजन घटणं असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीच करू नका. आपल्याकडे मणक्यांचा क्षय आजही आढळतो. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, आधी होऊन गेलेला कर्करोग, ठिसूळ हाडं, बरेच दिवस घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, या सगळ्यांतही आधी तपासणी.

आणखी एक गोष्ट फार वेळा निसटते. वय कमी, दुखणं तीन महिन्यांपेक्षा जुनं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडलेली, आणि आराम केला की वाढतं पण हिंडलं-फिरलं की कमी होतं, असं असेल तर संधिवाताच्या तज्ज्ञांना भेटा. कणा हळूहळू ताठ करणारा एक संधिवात याच पावलांनी येतो.

मोजायचं कसं

ही पद्धत जुनी आहे. जर्मन डॉक्टर पॉल शोबर यांनी १९३७ मध्ये ती मांडली. कमरेच्या तळाशी एक खूण आणि तिच्या १० सेंटीमीटर वर दुसरी. माणूस वाकला की दोन खुणांमधलं अंतर किती वाढतं ते बघायचं. अडचण अशी होती, की खालची खूण थोडी वरखाली झाली तरी उत्तर बदलायचं. १९६९ मध्ये मॅक्री आणि राइट यांनी ५ सेंटीमीटर खाली आणखी एक खूण घ्यायला सुरुवात केली आणि ही चूक बरीच कमी झाली. आपण तीच पद्धत वापरू.

अनवाणी, सरळ उभे राहा. कमरेच्या तळाशी, माकडहाडाच्या बरंच वर, दोन्ही बाजूंना दोन लहान खळ्या असतात. मदतनिसाने त्या शोधून दोन्हींच्या मधोमध, कण्यावर, एक आडवी रेघ काढावी. खळ्या दिसत नसतील तर दोन्ही अंगठ्यांनी चाचपल्यावर तिथे हाडाचे उंचवटे लागतात. या रेघेपासून १० सेंटीमीटर वर एक आणि ५ सेंटीमीटर खाली एक रेघ काढा. वरच्या आणि खालच्या रेघेत आता बरोबर १५ सेंटीमीटर अंतर आहे.

गुडघे न वाकवता, हनुवटी छातीकडे नेत, सावकाश ओणवे व्हा. जोर लावायचा नाही, झटका द्यायचा नाही. जिथे शरीर थांबेल तिथे थांबा. मदतनिसाने टेप कातडीवर नुसती टेकवून, न ताणता, वरच्या आणि खालच्या रेघेतलं अंतर वाचावं. उभे राहा, एक श्वास घ्या, पुन्हा वाका. असं तीनदा करून मधला आकडा लिहा. त्यातून १५ वजा केले की तुमची कंबर किती उलगडली ते कळतं.

निरोगी तरुण माणसात ही वाढ साधारण ५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असते. वयाबरोबर ती कमी होते, त्यामुळे साठीच्या आजीने नातवाच्या आकड्याकडे पाहू नये. आणि १ सेंटीमीटरपेक्षा कमी फरक पडला तर तो टेपचा समजा, कमरेचा नव्हे.

बोटं जमिनीपासून किती लांब राहिली हेच बरेच जण मोजतात. तेही लिहून ठेवा, पण त्या आकड्यात खुबे आणि मांडीमागचे स्नायूही मिसळलेले असतात. कमरेचे पाच मणके फारसे न हलवता, नुसत्या खुब्यातून वाकून जमिनीला हात लावणारी माणसं मी रोज पाहते.

तिसरा आकडा घड्याळाचा. सोसेल तेवढं पाचदा वाकून उठायला किती सेकंद लागतात ते बघा. कंबर दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या माणसांच्या हालचालींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात कमरेच्या बाकाचा कोन दोन्ही गटांत सारखाच निघाला. फरक होता तो हालचालीत: दुखणारी माणसं कमी वाकत होती आणि हळू हलत होती. "तुमचा बाक बिघडलाय" असं ऐकून घाबरलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. आरशात दिसणाऱ्या आकारापेक्षा हे सेकंद जास्त सांगून जातात.

सकाळी उठल्या उठल्या मोजू नका

मणक्यांमधल्या गाद्या रात्रभर पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण सुमारे एक टक्का उंच असतो, आणि ती वाढ उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त उतरते. जर्मनीतल्या उल्म इथे विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या गादीत दाब मोजणारा बारीक सेन्सर बसवला होता; १९९९ मध्ये ते आकडे छापून आले. आडवं पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल होता, सात तासांच्या झोपेत तो ०.२४ वर गेला. त्याच माणसाने २० किलो वजन पाठ गोल करून उचललं तेव्हा दाब २.३ होता, गुडघे वाकवून उचललं तेव्हा १.७ आणि वजन अंगाशी धरलं तेव्हा १.१. एकाच माणसाचे आकडे आहेत, पण पाण्याची बादली अंगाशी धरून न्या असं मी का सांगते, ते यातून कळेल.

फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. अमेरिकेत स्नूक यांनी १९९८ मध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना सकाळच्या वेळी वाकणं टाळायला शिकवलं, आणि त्यांचं दुखणं कमी झालं. तेव्हा अंथरुणाच्या घड्या, केर, भरलेली बादली ही कामं उठल्यावर तासभर पुढे ढकला. ही मनाई सकाळपुरती. दुपारी वाकायला हरकत नाही. मोजणी आठवड्यातून एकदा, नेहमी एकाच वेळी करा. संध्याकाळ उत्तम.

वाकणं परत कसं आणायचं

सुरुवात झोपून करा. पाठीवर पडून एक गुडघा छातीकडे घ्या, मग दुसरा, मग दोन्ही. दोन-तीन दिवस हे सोपं गेलं की हातागुडघ्यांवर येऊन मार्जारासन: श्वास सोडताना पाठ वर गोल, घेताना खाली खोलगट. नंतर खुर्चीवर बसून हात पावलांकडे सोडा. उभ्याने ओणवं होणं सगळ्यात शेवटी. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा पुरे. करताना जरासं दुखलं आणि थोड्या वेळात निवळलं तर चालेल. कळ गुडघ्याखाली उतरत असेल किंवा मुंग्या वाढत असतील, तर तो व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आता बारकाईने बघायची गोष्ट. १९५० च्या दशकात फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी दाखवलं, की निरोगी माणूस पूर्ण वाकला की कण्यालगतचे स्नायू आपोआप शांत होतात. भार अस्थिबंध (हाडांना जोडणारे चिवट पट्टे) आणि गाद्या पेलतात. दुखऱ्या कमरेत ते बऱ्याचदा शांत होतच नाहीत, आवळलेलेच राहतात. मदतनिसाला कण्याच्या दोन्ही बाजूंना दोरांसारख्या लागणाऱ्या या स्नायूंवर बोटं ठेवायला सांगा. तुम्ही पूर्ण वाकल्यावर ते मऊ पडले का? नसतील तर तिथेच थांबून तीन लांब श्वास सोडा, मान आणि हात सैल लोंबू द्या. काही दिवसांनी दोर मऊ लागतात आणि टेपवरचा आकडा त्यानंतर पुढे सरकतो, हा क्रम मी पुष्कळदा पाहिला आहे.

मधेच कुणी एमआरआयचा कागद समोर धरला तर हे आठवा: १९९४ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले गेले आणि त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. आणि झोपून राहण्याचा सल्ला मिळाला तर हेलसिंकीचं उदाहरण द्या. तिथल्या महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवलं, काहींना व्यायाम दिले, काहींना झेपतील तशी रोजची कामं करायला सांगितली. सगळ्यात लवकर बरे झाले ते रोजची कामं करणारे, सगळ्यात सावकाश अंथरुणातले.

टेपकडून मात्र जास्त मागू नका. ऑस्ट्रेलियात ४९२ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात (२०२३) लोकांना भीती सोडून हलायला शिकवणाऱ्या उपचाराने दुखणं आणि अडचण दोन्ही बऱ्यापैकी कमी झाली. त्यातल्या एका गटाला पाठीवर लावलेल्या सेन्सरनी मोजलेली स्वतःची हालचालही दाखवली जात होती. त्या गटाला म्हणण्यासारखा जास्त फायदा झाला नाही.

वहीत तारीख, वेळ, तिन्ही आकडे आणि त्या आठवड्यात वाकून केलेलं एक काम लिहा: "कुंडीतलं तण काढलं", "नातवाला उचललं". तीन आठवडे आकडा हलला नाही आणि वाकताना धास्तीही वाटत नसेल, तर मोजणं थांबवा आणि टेप शिवणाच्या डब्यात परत ठेवा. त्या जागी चालणं सुरू करा, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर प्रयोग केला (२०२४). फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली असं चालणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांची कंबर पुन्हा दुखायला २०८ दिवस गेले, ज्यांना हा कार्यक्रम दिला नव्हता त्या गटात ११२ दिवस.