नेट गेलंय? आधी डब्यावरचे दिवे बघा, मग फोन लावा

गणपतीच्या आदल्या रात्रीची गोष्ट, ऐरोलीला आमच्या घरी. मखर उभं राहिलं, तोरणं लागली आणि साडेदहाच्या सुमारास आई म्हणाली अरे नेट गेलंय बघ. सकाळी आत्या नागपूरहून व्हिडिओ कॉलवर आरतीला बसणार होती, तिचे गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं तिला येता आलं नव्हतं, त्यामुळे नेट नाही म्हणजे तिला बाप्पाचं दर्शनच नाही असं झालं असतं. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले उद्या दुपारी माणूस येईल. मग मी टॉर्च घेऊन मखराच्या मागे शिरलो आणि बघतो तर नेटच्या डब्यावर एक लाल दिवा लुकलुकतोय, आणि भिंतीतून आलेली ती बारीक पिवळी वायर मखराच्या लाकडी पट्टीखाली चेपून अगदी घडी पडायच्या बेतात वाकलीये. पट्टी उचलली, वायर मोकळी केली, मिनिटभरात लाल दिवा विझला आणि शेजारचा हिरवा स्थिर झाला. सकाळी आत्या आरतीला होती.

तेव्हापासून बिल्डिंगमधे कुणाचं नेट गेलं की मला हाक येते आणि मी दर वेळी एकाच क्रमाने बघतो. तो क्रम इथे देतोय. यात सगळ्यात आधी ठरवायचं असतं ते एवढंच की बिघाड घरात आहे की घराबाहेर. घरात असेल तर दहा मिनिटांत तुम्हीच काढाल, बाहेर असेल तर डब्याशी खटपट करण्यात वेळ घालवू नका, सरळ तक्रार करा.

पहिलं काम, फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे केल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही, कारण वायफायला नेट नसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं की "माझ्या फोनवर तर चालतंय, टीव्हीलाच काहीतरी झालंय". डेटा बंद करून दोन वेगवेगळ्या गोष्टींवर बघा, म्हणजे एक फोन आणि एक लॅपटॉप किंवा टीव्ही. एकावर चालत असेल आणि एकावर नसेल तर नेट ठीक आहे, बिघाड त्या एका वस्तूत आहे, तिचं वायफाय बंद करून चालू करा, नाहीतर वायफायचं नाव फर्गेट करून पासवर्ड परत टाका. जुन्या लॅपटॉपची तारीख पण बघा, बॅटरी पूर्ण उतरल्यावर तारीख कुठेतरी मागे गेलेली असते आणि मग प्रत्येक साइट धोक्याची आहे असं दाखवत बसते.

कशावरच चालत नसेल तर डब्यापाशी या. आता आपल्याकडे ठाणे, नवी मुंबईत बहुतेक घरांत फायबर आलंय पण काही जुन्या बिल्डिंगमधे अजून जिन्यातल्या स्विचमधून, म्हणजे घराघरांत नेट वाटणाऱ्या डब्यातून, लॅन केबल घरात येते, आणि दोन्हीची कहाणी वेगळी आहे, तर तुमच्याकडे काय आहे ते आधी बघून घ्या. बारीक वायर आणि टोकाला हिरवी किंवा निळी प्लास्टिकची चौकोनी पिन असेल तर फायबर. जाड वायर आणि टोकाला जुन्या लँडलाइनसारखी पण थोडी मोठी पारदर्शक क्लिप असेल तर लॅन.

फायबरवाल्यांनी दिवे असे वाचायचे. पॉवरचा दिवाच नसेल तर पुढचं काही बघूच नका, बोर्डाचं बटण, एक्स्टेंशन आणि अडॅप्टर बघा. अडॅप्टर हा फार जणांच्या लक्षात न येणारा मुद्दा आहे. दिवाळीच्या साफसफाईत किंवा मखराच्या लायटिंगच्या वेळी सगळे काळे अडॅप्टर एकत्र निघतात आणि परत लावताना सेट टॉप बॉक्सचा राउटरला आणि राउटरचा भलत्यालाच लागतो, पिन सारखी असते म्हणून बसतो पण व्होल्टेज वेगळं असतं. डब्याखालच्या स्टिकरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर अडॅप्टरच्या आउटपुटपुढे पण १२ व्होल्टच पाहिजे, आणि अँपिअर स्टिकरवर आहे तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नको. अडॅप्टर म्हातारा झाला तरी असंच होतं, दिवे लागतात पण डबा दर थोड्या वेळाने आपोआप बंद होऊन चालू होतो. असं दिसलं तर शेजाऱ्यांचा त्याच रेटिंगचा अडॅप्टर पाच मिनिटं लावून बघा, लगेच कळतं.

पॉवर आहे, मग पॉन (PON) नावाचा दिवा. तो हिरवा आणि स्थिर असला म्हणजे बाहेरून उजेड डब्यापर्यंत नीट पोचतोय. लुकलुकत असेल तर डबा अजून जोडायचा प्रयत्न करतोय. आणि एलओएस (LOS) नावाचा दिवा लाल झाला, ज्याला केबलवाले नुसतं "रेड लाइट आलाय" म्हणतात, म्हणजे उजेड पोचतच नाहीये किंवा फार क्षीण पोचतोय. अशा वेळी डबा दहा वेळा बंद चालू करून उपयोग नसतो, वायर बघायची.

वायर कशी बघायची ते सांगतो कारण इथेच लोक घाबरतात किंवा जास्त धसमुसळेपणा करतात. फायबर म्हणजे आत काच आहे. ज्या भागातून उजेड जातो तो साधारण ९ मायक्रॉन रुंद असतो, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे वायर काटकोनात वाकली की उजेड वळणावरच बाहेर निसटतो. डब्यापासून भिंतीपर्यंत सगळी वायर बोटांनी हलक्या हाताने चाचपत जा, कपाटामागे दाबली गेली का, दारात चेपली का, कुणी खिळ्याला गुंडाळून ठेवलीये का, उंदराने कुरतडली का. वळण हवंच असेल तर निदान चहाच्या बशीएवढं गोल ठेवा. मग डब्याला लागलेली पिन नीट आत बसलीये का बघा, टक् असा आवाज येईपर्यंत. साफसफाईत ती अर्धवट निघते आणि वरून बघितलं तर लागलेलीच दिसते. पिन काढावी लागलीच तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. तिच्या टोकाला बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणाही उजेड अडवायला पुरतो. आणि त्या टोकात डोळा लावून बघायचं नाही, मुलांना तर अजिबात बघू द्यायचं नाही. आत लेझर असतो, घराकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा, तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून काहीच नाहीये असं वाटतं, पण असतो.

वायर ठीक दिसतेय आणि लाल दिवा तसाच आहे? मग बिघाड बाहेर आहे, शेजारच्या घरी जाऊन विचारा. एकाच कंपनीचं कनेक्शन असलेल्या दोन तीन घरांत गेलं असेल तर जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या बॉक्सपासून पुढे काहीतरी झालंय. आपल्याकडे याची कारणं ठरलेली आहेत, पावसाळ्यात बॉक्समधे पाणी, सोसायटीचं रंगकाम चालू असताना परांचीला आणि दोराला अडकून तुटलेल्या वायरी, झाडांची छाटणी, आणि रस्त्याचं खोदकाम, घोडबंदर रोडला मेट्रोचं काम ज्यांनी दारात बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. जिन्यातला बॉक्स स्वतः उघडू नका, आत बाकीच्या घरांच्याही वायरी असतात आणि एक ओढली की दुसऱ्याचं जातं.

लॅनवाल्यांनी एक वेगळी गोष्ट बघायची, बिल्डिंगची लाइट गेलीये का. फायबरच्या वाटेत जिन्यात जो स्प्लिटर असतो, म्हणजे एका वायरीतला उजेड अनेक घरांत वाटणारा, त्याला वीज लागत नाही, त्यामुळे घरात इन्व्हर्टर असेल आणि कंपनीच्या टोकाला बॅकअप असेल तर लाइट गेल्यावरही नेट चालतं. लॅनचा स्विच मात्र विजेवर चालतो, जिन्यातली लाइट गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट जातं. आमच्या समोरच्या काकू हे माहीत नसल्यामुळे महावितरणच्या शटडाउनच्या दिवशी दुपारभर राउटर बंद चालू करत होत्या.

आता समजा एलओएस विझलेला आहे, पॉन हिरवा आहे, तरी नेट नाही. मग रिस्टार्ट, पण नीट. बटण बंद करून लगेच चालू केलं तर तो रिस्टार्ट नव्हे, निदान अर्धा मिनिट बंद राहू द्या, आणि चालू केल्यावर दोन तीन मिनिटं हात लावू नका. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगळे असतील तर आधी फायबरचा डबा चालू करा, पॉन स्थिर झाला की मग राउटर. आणि दोन डबे असतील तर मधली केबल राउटरच्या वॅन (WAN) पोर्टमधेच, म्हणजे बाहेरून नेट घेणाऱ्या भोकातच, आहे ना ते बघा, तो बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. केबल चुकून शेजारच्या लॅन पोर्टात गेली तर वायफायचं नाव दिसतं, पासवर्ड घेतं, आणि नेट मात्र बहुतेक वेळा येत नाही.

इथे कळकळीने सांगतो, डब्यामागचं ते टाचणीएवढ्या भोकातलं बटण दाबू नका. ते रिस्टार्टचं नाही, रिसेटचं आहे. बऱ्याच कनेक्शनमधे कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड डब्यात भरलेले असतात, रिसेट केलं की ते पुसले जातात आणि मग बाहेरचा बिघाड दुरुस्त झाला तरी तुमचं एकट्याचं घर बंदच राहतं. आमच्या खालच्या मजल्यावर असं झालंय, सगळ्यांचं संध्याकाळी आलं आणि त्यांना दुसऱ्या दिवशी माणूस येईपर्यंत थांबावं लागलं, घरात मुलीची ऑनलाइन परीक्षा होती. ते युजरनेम आणि पासवर्ड आजच कंपनीकडून मागून एका कागदावर लिहून ठेवा.

रिस्टार्टनेही नाही आलं तर प्लॅन संपलाय का बघा, हे मोबाइल डेटा चालू करून कंपनीच्या अॅपवर दिसतं. मग डेटा परत बंद करून ब्राउझरमधे १.१.१.१ टाका, इंग्रजी आकड्यांत. हा क्लाउडफ्लेअरचा पत्ता आहे. हे पान उघडलं, किंवा निदान वरचा पत्ता आपोआप one.one.one.one असा बदलला, पण नावाने टाकलेली कुठलीच साइट उघडत नसेल तर नेट येतंय, फक्त डीएनएस बिघडलंय, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सोय. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमधे डीएनएसच्या जागी १.१.१.१ किंवा गूगलचा ८.८.८.८ भरला की बहुतेक वेळा लगेच चालू होतं. आणि तेवढंही होत नसेल, दिवे सगळे ठीक असतील, प्लॅन चालू असेल, तर लॉगिन कंपनीकडूनच अडकलंय, तक्रार करा.

नेट आहे पण फक्त आतल्या खोलीत येत नाही हा बिघाड नव्हे, तो भिंतींचा प्रश्न आहे. राउटर ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशी दोन वायफाय देतो, ५ वालं वेगवान पण भिंतीपलीकडे लवकर मरतं, तिथे २.४ वर जोडा.

तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढंच म्हणू नका. असं सांगा, "पॉन बंद आहे, रेड लाइट येतोय, घरातली वायर तपासली, शेजारच्या दोन घरांतही गेलंय, रात्री दहापासून." असं सांगितलं की समोरचा माणूस बंद करून चालू करा वगैरे म्हणत बसत नाही, निदान माझा अनुभव तरी तसा आहे. तक्रारीचा नंबर मागाच, त्याला ते डॉकेट नंबर म्हणतात, आणि तारीख वेळ लिहून ठेवा. किती दिवस बंद होतं त्याचा हिशोब असला की तेवढे दिवस प्लॅनमधे वाढवून मागता येतात. तरी दाद लागली नाही तर कंपनीचंच अपील अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं, त्याचा पत्ता वेबसाइटवर द्यावा लागतो, तिथे त्याच डॉकेट नंबरवर लेखी अपील करा. सरकारची ग्राहक हेल्पलाइन १९१५ पण आहे.

माणूस घरी आला की तो कामात असताना त्याच्याजवळ उभे राहा. त्याच्याकडे एक छोटं पॉवर मीटर असतं, ते वायरीला लावून तो उजेड किती येतोय त्याचा आकडा बघतो, डीबीएम (dBm) या मापात, आणि आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २५ च्या मधे असेल तर चांगलं, उणे २७ च्या पलीकडे गेलं की लिंक तुटायला लागते. काम झाल्यावर त्याला म्हणा दादा, आता किती येतंय ते जरा दाखवा, कुणी नाही म्हणत नाही. आमच्याकडे उणे १९ आला होता, तो मी राउटरच्या मागे मार्करने तारखेसकट लिहून ठेवलाय, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कुरकुर सुरू झाली आणि मीटरने उणे २६ दाखवलं तर गच्चीवरच्या बॉक्सचं झाकण आधी बघा असं त्याला मीच सांगू शकेन.