युद्धकाळातील वायुसेनेवरच्या कादंबरीचा अभिप्राय कसा लिहावा

वर्धा नदीकाठच्या आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालय ‘ड’ वर्गाचे, म्हणजे शासनाच्या वर्गवारीत सर्वांत लहान आहे. सीतादही ही वेचणीआधीची शेतातली पूजा करून कापसाची पहिली वेचणी सुरू होण्याच्या सुमारास १५ ऑक्टोबर, म्हणजे वाचन प्रेरणा दिन येतो, आणि त्या दिवसासाठी सर्वांनी एकच कादंबरी वाचून लेखी अभिप्राय आणायचा, असा आमचा शिरस्ता आहे. हा डॉ. कलाम यांचा जन्मदिवस आणि त्यांना तरुणपणी वायुसेनेत वैमानिक व्हायचे होते, म्हणून एका वर्षी आम्ही १९७१ च्या युद्धावरची वायुसेनेची कादंबरी निवडली. जमलेल्या बहुतेक कागदांवर थोड्याफार फरकाने एकच वाक्य होते : ‘कादंबरी वाचून ऊर अभिमानाने भरून आला.’ ती भावना खरीच होती, परंतु ती जवानांविषयीची होती, कादंबरीविषयीची नव्हती. तेच वाक्य पुस्तक न उघडताही लिहिता आले असते. अशा कादंबरीवर लिहिताना सर्वांत आधी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, आणि त्या कशा कराव्यात हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

पहिले वाचन हातात पेन न घेता करावे. दुसऱ्या वेळी वही जवळ ठेवावी आणि जिथे आपण थबकलो, पान उलटवून मागे गेलो किंवा कंटाळून पुढे सरकलो, तो पृष्ठक्रमांक टिपून ठेवावा. ‘वर्णने प्रभावी आहेत’ या शब्दांपेक्षा ‘पृष्ठ ८६ वर विमान धावपट्टीवर उतरेपर्यंत मी चहा तसाच ठेवला’ या शब्दांतून दुसऱ्या वाचकाला अधिक कळते.

त्यानंतर कादंबरी कोणत्या युद्धाची आहे आणि त्या युद्धाने वैमानिकांवर कोणती बंधने घातली होती, हे समजून घ्यावे. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबरच्या सायंकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर केलेल्या हल्ल्यांनी सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीने संपले; पूर्वेकडच्या आकाशावर आपल्या वायुसेनेचे वर्चस्व पहिल्या काही दिवसांतच प्रस्थापित झाले होते, म्हणून तर ११ डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील टांगाइलजवळ छत्रीधारी सैनिक उतरवता आले. १९९९ च्या कारगिल संघर्षात मात्र नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा सक्त आदेश होता आणि लक्ष्ये उंच डोंगरमाथ्यांवर होती. त्यामुळे एका युद्धाच्या कादंबरीत विस्ताराचा थरार असेल, तर दुसरीत हात बांधलेले असताना अचूक काम करण्याचा ताण असायला हवा. लेखकाने स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, काल्पनिक घेतली, वैमानिकांची नावे बदलली, तर ती त्याची मुभा आहे. परंतु प्रत्यक्ष घडलेल्या घटनांच्या तारखा कथेच्या सोयीसाठी पुढेमागे केल्या असतील, तर ते अभिप्रायात नोंदवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आम्हांला विमानातले काय कळते?’ असा प्रश्न आमच्याकडे नेहमी विचारला जातो. मला तो पटत नाही. त्या वर्षी सर्वांत मोलाचा अभिप्राय एका कास्तकार वाचकाने दिला होता. कादंबरीत डिसेंबर महिन्यात पंजाबवरून अतिशय कमी उंचीवर उडणाऱ्या विमानाखाली गव्हाच्या सोनेरी ओंब्या डोलत होत्या. पंजाबात गहू साधारण नोव्हेंबरात पेरतात आणि एप्रिलमध्ये काढतात. डिसेंबरात तो वीतभर हिरवा असणार, हे त्या वाचकाने दोन ओळींत लिहिले. दुसऱ्या एका आजोबांनी घरातले जुने पंचांग काढले. ३ डिसेंबर १९७१ ची रात्र कादंबरीत मिट्ट काळोखाची होती. पंचांगाप्रमाणे मार्गशीर्ष पौर्णिमा २ डिसेंबरला होती, म्हणजे त्या रात्री जवळपास पूर्ण चंद्र आकाशात होता. रात्री उडणाऱ्या वैमानिकासाठी चांदणे आणि काळोख यांत केवढा फरक पडतो, हे ओलिताला रात्री वावरात जाणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याला जे ठाऊक आहे, तिथूनच पुस्तक तपासायला सुरुवात करावी.

विमानाच्या बाबतीत फार खोलात जाण्याची गरज नाही, पण वेळेचा हिशेब मात्र करून पाहावा. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका मिनिटात १५ किलोमीटर कापते. म्हणजे वर्धा ते नागपूर हे अंतर सुमारे पाच मिनिटांचे. १९६५ आणि १९७१ मध्ये गाजलेल्या नॅट या लहानशा लढाऊ विमानात ३० मिलिमीटरच्या दोन तोफा असत आणि त्यांतील दारूगोळा सलग झाडला तर जेमतेम पाच-सहा सेकंद पुरे. कादंबरीतला नायक ऐन हवाई चकमकीत गावाकडच्या आठवणींत दोन पाने रमतो आणि मग पुन्हा बराच वेळ गोळ्या झाडत राहतो, तेव्हा ती दोन पाने कितीही सुंदर असली तरी लेखकाने घड्याळ थांबवले आहे, असे लिहिण्यास कचरू नये. उलट तेच रमणे उड्डाणाआधीच्या प्रतीक्षेत, विमानात पट्टे आवळून बसलेल्या दहा मिनिटांत घातले असेल, तर त्याचे कौतुक करावे, कारण लेखकाला युद्धातला रिकामा वेळ कळला आहे.

जमिनीवरच्या माणसांना कादंबरीत किती जागा मिळाली आहे, हेही पाहावे. आमच्या वाचकांत पुलगावच्या दारूगोळा भांडारात आयुष्य काढलेले एक गृहस्थ आहेत. नायकाच्या शौर्याविषयी एक शब्दही न लिहिता, विमानात दारूगोळा भरणारा, इंधन चढवणारा आणि परतलेल्या विमानाच्या पंखावरची भोके मोजणारा माणूस तीनशे पानांत एकदाही नावाने का येत नाही, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. त्यानंतर मला ती कादंबरी पूर्वीसारखी वाचता आली नाही.

शत्रूचे चित्रण हा सर्वांत नाजूक भाग आहे आणि अभिप्रायात तो बहुधा टाळला जातो. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी, म्हणजे युद्धाला उघड तोंड फुटण्याआधीच, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरील बोयरा येथील हवाई लढाईत आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमाने पाडली. त्यांतून छत्रीने उतरलेले दोन वैमानिक युद्धकैदी झाले आणि त्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी हे कारगिल संघर्षाच्या वेळी पाकिस्तानी वायुसेनेचे प्रमुख होते. प्रत्यक्ष इतिहासातला शत्रू असा प्रशिक्षित, जिवंत, पुढे वाढत जाणारा माणूस असतो. कादंबरीतला शत्रू केवळ पडण्यासाठी येत असेल, तर नायकाचा विजयही हलका होतो. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सेबर विमानांशी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों एकाकी लढले आणि परमवीर चक्राचे वायुसेनेतील एकमेव मानकरी ठरले. ज्या आकाशात हे घडले, तिथे लेखकाला अतिशयोक्तीची गरज का भासावी, हा प्रश्न मी दरवेळी स्वतःला विचारतो.

अशी टीका केली तर सैनिकांचा अवमान होईल, ही भीती आमच्या बैठकीत अनेकांनी बोलून दाखवली. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे, त्या घरातल्या बाईंनीच या भीतीला उत्तर दिले : खोटे लिहिले तर माझ्या मुलाला त्यात काय मिळणार? म्हणून कादंबरी फसली असेल तर ती कुठे फसली, हे पृष्ठक्रमांक देऊन, सभ्य शब्दांत आणि लेखकाच्या देशप्रेमावर शंका न घेता लिहावे. नायक शेवटी परततो की नाही, हे मात्र सांगू नये.

अभिप्राय एका फुलस्केप कागदात बसवावा आणि देण्यापूर्वी घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा, कारण आमच्याकडे निम्मे लोक तो वाचत नाहीत, ओसरीवर बसून ऐकतात. पुस्तक अर्धवट सोडले असेल तर तेही लपवू नये. सोयाबीनची मळणी आली म्हणून सोडले, की पृष्ठ १४० नंतर सगळे वैमानिक एकाच आवाजात बोलू लागले म्हणून सोडले, एवढा खुलासा करून तारीख टाकावी आणि कागद नोंदवहीत लावण्यासाठी ग्रंथपालाकडे द्यावा.