स्वीडनचे राजे मॉडमध्ये जिवंत कसे करायचे (युरोपा युनिव्हर्सालिस ४)

युरोपा युनिव्हर्सालिस ४ म्हणजे १४४४ पासून एखादा देश चालवायचा इतिहासावरचा स्ट्रॅटेजी गेम, आणि मॉड म्हणजे त्याच्या फाइल बदलून केलेली आपली आवृत्ती. स्वीडनवर मॉड करणारे बहुतेक जण हिस्टरीच्या फाइलमध्ये राजाचं नाव टाकतात, अॅडमिन (कारभार), डिप्लो (मुत्सद्देगिरी) आणि मिलिटरी (लष्कर) असे शून्य ते सहामधले तीन आकडे टाकतात, की झाला राजा तयार. मग गुस्ताव दुसरा अडॉल्फला सगळीकडे सहा आणि एरिक चौदाव्याला सगळीकडे एक, कारण काय तर तो वेडा होता. असं करू नका प्लीज. मला या राजांबद्दल खरंच आत्मीयता आहे म्हणून सांगतोय, आकड्यात फक्त माणसाची कुवत लिहायची आणि त्याचं पुढे काय झालं ते इव्हेंटमध्ये (अट पूर्ण झाली की गेममध्ये घडणारा प्रसंग) लिहायचं, या दोन गोष्टी एकत्र केल्या की राजा हातातून गेलाच.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नवीन मॉडर इथे हमखास अडकतो. हिस्टरी फोल्डरमधल्या कंट्रीजच्या फाइलमध्ये तारखेचे ब्लॉक असतात, १५२३.६.६ असं लिहून आत मोनार्कचा, म्हणजे राजाचा ब्लॉक. पण हे ब्लॉक फक्त गेम सुरू करतानाच वाचले जातात, म्हणजे तुम्ही १४४४ ला सुरुवात केलीत तर १५२३ चा गुस्ताव वासा आपोआप येणार नाही, गेम त्याच्या मनाने राजे काढत राहील. वासा हवाच असेल तर एक तर सुरुवातीची तारीख पुढची घ्या नाहीतर इव्हेंटमधून डिफाइन रूलर (नवा राजा बसवणारी कमांड) वापरून आणा, आणि त्यात फिक्स्ड येस लिहायला विसरू नका, नाहीतर तुमच्या आकड्यांवर गेम स्वतःची रँडम भर घालतो.

आता आकडे कसे ठरवायचे? वासापासूनच बघू. १५२० च्या नोव्हेंबरमध्ये स्टॉकहोमच्या कत्तलीत त्याचा बाप मारला गेला, ६ जून १५२३ ला स्ट्रेंगनेसमध्ये तो राजा म्हणून निवडला गेला, तेव्हा डोक्यावर ल्युबेक या जर्मन व्यापारी शहराचं कर्ज. मग १५२७ ला वेस्टेरोसच्या सभेत चर्चची मालमत्ता ताब्यात घ्यायचा मार्ग मोकळा केला आणि १५४४ ला गादी वंशपरंपरागत करून टाकली. असा माणूस अॅडमिनमध्ये सहाच, मी तरी वाद घालणार नाही. पण डिप्लोला मी तीनच देतो, कारण दालार्नामध्ये लोक पुन्हापुन्हा उठले, एकदा तर चर्चच्या घंटा काढून नेण्यावरून, आणि १५४२ ला स्मोलँडमध्ये निल्स डाकेचा उठाव झाला. हे उठाव आकड्यात दिसत नाहीत, त्यासाठी त्या त्या प्रांतात बंडखोर उभे करणारे दोन तीन छोटे इव्हेंट लिहा, ट्रिगरमध्ये (इव्हेंट कधी यावा याची अट) देशाने कॅथलिकचा प्रोटेस्टंट असा धर्म बदललेला आहे का ते तपासा. खेळणाऱ्याने धर्म बदललाच नाही तर घंटांचा उठाव कशाला होईल?

वासाचा मुलगा एरिक चौदावा, त्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. १५६० ला गादीवर आला तेव्हा तो चांगला शिकलेला, इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथला लग्नाची मागणी घालणारा तरुण होता, १५६१ ला रेव्हाल म्हणजे आजचं टालिन त्याच्याच काळात स्वीडनकडे आलं आणि बाल्टिकमधला स्वीडनचा पसारा तिथूनच सुरू झाला. अशा माणसाला एक-एक-एक कसे द्यायचे? मी त्याला चार, तीन, तीन देतो. मग मे १५६७ मध्ये उप्सालाला स्टुरे या बड्या सरदार घराण्याच्या लोकांची हत्या होते, एरिकने स्वतः निल्स स्टुरेवर खंजीर चालवला आणि त्यानंतर तो भानावरच नव्हता. हा झाला पहिला इव्हेंट, ट्रिगरमध्ये हॅज रूलर एरिक चौदावा (नाव हिस्टरीच्या फाइलमध्ये आहे तस्संच पाहिजे, एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी इव्हेंट येत नाही), सोबत सरदार वर्गाची निष्ठा कमी असल्याची अट, परिणाम म्हणून स्थिरता एकने खाली, लेजिटिमसी (राजाचा गादीवरचा हक्क किती मानला जातो तो आकडा) कमी आणि चेंज अॅडमिन वजा दोन. दुसरा इव्हेंट वर्षभराने, कारीन मोन्सडोटरशी लग्न, ती साध्या घरातली मुलगी म्हणून सरदार अजून बिथरतात. आणि तिसरा, भाऊ योहान तिसरा त्याला खाली खेचतो. खेळणाऱ्याने सरदारांना सांभाळलं असेल तर ही साखळी सुरूच होऊ देऊ नका, कारण एरिक वाचू शकला असता का हा प्रश्न खेळणाऱ्याच्या हातात देण्यातच या राजाची मजा आहे.

गुस्ताव दुसरा अडॉल्फला मिलिटरी सहा द्या, कुणी काही बोलणार नाही. मोनार्कच्या ब्लॉकमध्येच लीडरचा ब्लॉक टाकून त्याला जनरल करा. तिथे मॅन्युव्हरचं (जनरलच्या हालचालींच्या कौशल्याचा आकडा) स्पेलिंग गेमने स्वतःच चुकीचं ठेवलंय, तुम्ही बरोबर लिहिलंत तर तो आकडा लागत नाही, त्यामुळे मूळ फाइलमधून कॉपी करा.

त्याच्या मृत्यूची तारीख टाकताना मात्र थांबा. तो जिथे मारला गेला ती लुट्झेनची लढाई स्वीडनच्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे ६ नोव्हेंबर १६३२ ला आणि ग्रेगोरियनप्रमाणे १६ नोव्हेंबरला. कुठलंही एक घ्या पण पूर्ण फाइलमध्ये तेच ठेवा, कारण जर्मनीच्या फाइल एका कॅलेंडरमध्ये आणि स्वीडनची दुसऱ्यात असेल तर सुरुवातीची तारीख बदलून बघताना राजा मेलाय पण लढाई व्हायची आहे असले प्रकार होतात. १७०० ते १७१२ मध्ये तर स्वीडनचं स्वतःचं तिसरंच कॅलेंडर होतं, १७१२ ला त्यांच्याकडे ३० फेब्रुवारी आला, त्यामुळे पोल्टावाच्या लढाईची (१७०९, रशियाकडून स्वीडनचा पराभव) तारीख तीन प्रकारे लिहिलेली सापडेल, घाबरू नका.

मग गुस्ताव दुसरा अडॉल्फची मुलगी क्रिस्तीना. बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांचीही नव्हती, आणि चान्सलर आक्सेल ऑक्सेनशेर्ना आणि मंडळींनी १६४४ पर्यंत कारभार चालवला. गेममध्ये वारस १५ व्या वर्षी सज्ञान होतो, खरी क्रिस्तीना १८ व्या वर्षी झाली. शिवाय रीजन्सीमध्ये (वारस लहान असताना दुसऱ्यांनी चालवलेला कारभार) साधारणपणे युद्ध पुकारता येत नाही, पण याच रीजन्सीने १६४३ ला डेन्मार्कवर हल्ला केला! म्हणून मी मोनार्क ब्लॉकमध्ये रीजेंट येस टाकून ऑक्सेनशेर्नाला भक्कम अॅडमिन आणि डिप्लो देतो, आणि डेन्मार्कचं युद्ध इव्हेंटमधून जाहीर करतो, तो इफेक्ट गेममध्ये आहे. १६५४ चं गादी सोडणं हा वेगळा इव्हेंट, त्यात राहण्याचा पर्यायही ठेवा. आणि तिच्या ब्लॉकमध्ये फीमेल येस राहून गेलं तर सगळ्या मजकुरात तिचा पुरुष होतो, हेही बघा.

नंबरांचं पण सांगतो. कार्ल नववा, कार्ल बारावा हे नंबर वाचून आधीचे सगळे कार्ल शोधायला जाऊ नका, पहिले सहा कार्ल योहानेस माग्नुस या सोळाव्या शतकातल्या लेखकाच्या इतिहासातले काल्पनिक राजे आहेत, खरा पहिला कार्ल म्हणजे सातवा. कॉमन फोल्डरमधल्या देशाच्या फाइलमध्ये मोनार्क नेम्सच्या यादीत प्रत्येक नावापुढे हॅश टाकून आधी किती जण होऊन गेले तो आकडा असतो, तिथे खऱ्यांची मोजणी केलीत तर तुमचा कार्ल नववा तिसरा होऊन बसेल.

एन्कोडिंगवर (फाइलमधली अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवायची ते) माझा एक अख्खा रविवार गेलाय. स्क्रिप्टच्या फाइल विंडोज १२५२ मध्ये आणि लोकलायझेशनच्या (स्क्रीनवर दिसणाऱ्या मजकुराच्या) यूटीएफ-८ बॉमसहित (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण), नाहीतर स्वीडिश अक्षरांचा कचरा होतो किंवा इव्हेंटच्या मजकुराऐवजी त्याची नुसती की (मजकुराचं कोडमधलं नाव) दिसते. मला वाटत होतं इव्हेंटच चुकलाय, तो अगदी बरोबर होता.

शेवटी कार्ल बारावा. मिलिटरी सहा, डिप्लो एक, १७०९ च्या पोल्टावानंतर पाच वर्षं ऑटोमन मुलखात अडकलेला राजा, त्या काळासाठी स्टॅबिलिटीचा खर्च वाढवणारा मॉडिफायर ठेवा. ३० नोव्हेंबर १७१८ ला नॉर्वेतल्या फ्रेडरिकस्टेन किल्ल्याच्या वेढ्यात खंदकात डोक्यात गोळी लागून गेला, ती शत्रूची की आपल्याच माणसाची यावर आजही वाद आहे. इव्हेंटच्या मजकुरात एक बाजू घेऊ नका, फक्त गोळी लागली एवढंच लिहा. मग कन्सोल (गेममधली कमांड लिहायची खिडकी) उघडून event आणि पुढे इव्हेंटचा आयडी टाईप करा, त्याची बहीण उलरिका एलेओनोरा गादीवर येते का ते बघा, आणि एरर लॉग (गेमने नोंदवलेल्या चुकांची फाइल) रिकामा आहे का तेही.