संत्र्याच्या तेलाची जुनी बाटली आणि अंगावरची पुरळ: घरी साबण-क्रीम करणाऱ्यांनो, या चुका टाळा

लहानपणी संत्र्याची साल चिमटीत दाबून भावंडाच्या डोळ्यात फवारा उडवला नाही, असं कोण आहे? तो फवारा म्हणजे मुख्यतः लिमोनीन, संत्र्याला वास देणारं द्रव्य. संत्र्याच्या सालीच्या तेलात ते ९० टक्क्यांहून जास्त असतं. घरी साबण, क्रीम, बॉडी बटर करणाऱ्या आम्हा मंडळींचं हे लाडकं तेल: स्वस्त, ओळखीच्या वासाचं, आणि वर लेबलवर ‘नॅचरल’ लिहायची सोय.

अर्धी बाटली वर्षभर पुरवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मी ती मनापासून केली आहे. ओट्याशेजारच्या खिडकीत ठेवलेली बाटली, तळाशी बोटभर तेल, झाकण चिकट झालेलं. वासातला गोडवा जाऊन थोडी टर्पेंटाइनची झाक आलेली. ‘महागाचं आहे, कशाला टाकायचं’ म्हणून ते बॉडी बटरमध्ये घातलं. तिसऱ्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला खाज आणि लाल चट्टे. मी दोष दिला शिआ बटरला. ते बदललं, मग मेण बदललं. तेल मात्र तेच!

ताजं लिमोनीन तसं गरीब असतं. त्याने ॲलर्जी क्वचितच होते. पण हवा लागली की त्याचं ऑक्सिडेशन होऊन (हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन) हायड्रोपेरॉक्साइड हे नवे पदार्थ तयार होतात आणि त्वचेला खरा त्रास देतात ते हेच. लॅव्हेंडरमधल्या लिनालूल या सुगंधी द्रव्याचंही तसंच. बाटली जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त.

म्हणून लहान, गडद काचेच्या बाटल्या घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. तेल कमी झालं की आणखी छोट्या बाटलीत काढा. झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. वर्ष उलटलं, तर ते तेल त्वचेसाठी वापरू नका. ई-जीवनसत्त्व घालायचं तर बाटली ताजी असतानाच. आधीच खराब झालेलं तेल त्याने सुधारत नाही.

‘दहा वर्षं वापरतेय, मला कुठे काय झालं?’

ॲलर्जी पहिल्याच दिवशी येते असं नाही. शरीर आधी तो पदार्थ ‘ओळखून’ ठेवतं, आणि कधी तर कित्येक वर्षांनी उलटतं. एकदा उलटलं की बहुधा कायमचंच. पुरळही एक ते तीन दिवसांनी उठते, त्यामुळे मनगटाला लावून तासाभराने ‘काही झालं नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. तयार झालेलं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. शुद्ध तेल थेट लावून तपासू नका. त्या तपासणीतूनच ॲलर्जी जडू शकते.

पुरळ उठलीच तर ते क्रीम थांबवा आणि वर हळद, कडुनिंब, कोरफड असं काही थापू नका. नंतर नेमकं काय बाधलं तेच कळत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना क्रीमची डबी आणि तेलाची बाटली दोन्ही न्या. ते संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर लावून ४८ तासांनी काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. ती दुसरी भेट चुकवू नका, कारण बऱ्याच प्रतिक्रिया तेव्हाच दिसतात.

युरोपचा आकडा चुकीचा वाचणं

‘युरोपात लिमोनीनवर बंदी आहे’ हे मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांना सांगा, बंदी नाही. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ते ०.००१ टक्क्याहून जास्त, आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्याहून जास्त असेल, तर नाव लेबलवर छापायचं, इतकंच. आता हिशेब करा. १०० ग्रॅम क्रीममध्ये संत्र्याच्या तेलाचे ५ थेंब, म्हणजे साधारण ०.२ ग्रॅम. झालं लिमोनीन सुमारे ०.२ टक्के, मर्यादेच्या जवळपास २०० पट! म्हणजे क्रीम लगेच घातक ठरलं असं नाही, पण ते नाव लपवता येणार नाही.

२००३ पासून तिथे अशा २६ सुगंधी द्रव्यांची यादी होती. २०२३ च्या नियमाने ती ८० च्या वर गेली. नव्या उत्पादनांना ती ३१ जुलै २०२६ पासून लागू, जुन्या मालाला ३१ जुलै २०२८ पर्यंत मुदत. हवा लागून लिमोनीनमध्ये तयार होणाऱ्या पेरॉक्साइडलाही लिटरमागे २० मिलिमोलची मर्यादा आहे, म्हणजे शिळ्या तेलाची दखल कायद्यानेच घेतली आहे.

आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांवर नुसतं ‘परफ्यूम’ लिहिलेलं सापडतं. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी अशी बाटली घेऊच नये. ‘अनसेंटेड’ या शब्दावरही विसंबू नका. मूळ वास झाकायला त्यात सुगंध घातलेला असू शकतो. आणि प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांसाठी: विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो.

लिंबाचा रस चेहऱ्याला चोळून उन्हात गेल्यावर पडणारे काळे डाग हे वेगळं प्रकरण. ती ॲलर्जी नव्हे. लिंबातले फ्युरोकौमरिन नावाचे पदार्थ आणि ऊन यांची ती करामत, आणि ती कुणाच्याही त्वचेवर होऊ शकते.