लिस्बन ते बोर्दो : लहान जहाजाचा प्रवास कसा आखावा

पश्चिम युरोपच्या किनाऱ्याने क्रूझ करायची असेल, तर आधी जहाज पाहू नका, आधी बंदरं पाहा. लहान जहाजाचं तिकीट मोठ्या जहाजाहून बरंच महाग पडतं. ते पैसे खोलीच्या थाटामाटातून वसूल होत नाहीत, जहाज किती आत शिरतं त्यातून होतात. बोर्दोचंच पाहा. हे शहर समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, गारोन नदीच्या काठी आहे. फार मोठी जहाजं जिरोंद खाडीच्या तोंडाशी, ल व्हेर्दोंला थांबतात आणि प्रवाशांना तिथून बसने शहर गाठावं लागतं. लहान जहाज मात्र भरतीची वेळ साधून खाडीतून वर जातं आणि भर शहरात, जुन्या दगडी इमारतींसमोर लागतं. जिना उतरलात की तुम्ही बोर्दोत.

लहान म्हणजे किती लहान? फ्रान्सच्या पोनाँ कंपनीची ‘ल बुगँव्हिल’ किंवा ‘ल शांप्लँ’ ही जहाजं १३१ मीटर लांबीची आणि ९२ खोल्यांची आहेत. आजच्या सर्वांत मोठ्या क्रूझ जहाजांवर पाच हजारांहून जास्त प्रवासी असतात. माझा हिशेब असा : तीनशेच्या आत प्रवासी असतील, तरच त्याला लहान जहाज म्हणावं.

पहिली पायरी : मार्गपत्रिका नीट वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पहिल्या प्रवासासाठी मी लिस्बन ते बोर्दो किंवा त्याच्या उलट दिशेचा, आठवडाभराचा मार्ग सुचवेन. वाटेत पोर्तो, स्पेनच्या वायव्य टोकाच्या गॅलिशिया प्रांतातलं विगो किंवा आ कोरुन्या, बिल्बाओ आणि फ्रान्सच्या हद्दीत शिरताच सँ-जाँ-द-ल्यूझ अशी बंदरं येतात. पोर्तुगाल, स्पेन आणि फ्रान्स असे तीन देश होतात, आणि जहाज बराच वेळ किनारा धरून चालतं.

पत्रिकेत शहराचं नाव ठळक असतं, खऱ्या बंदराचं नाव बारीक अक्षरात. तुम्ही बारीक अक्षरं वाचा. ‘पोर्तो’ म्हणजे बहुतेक वेळा लेशोंइश बंदर असतं. तिथून मेट्रोने शहरात जाता येतं, त्यामुळे काळजी नाही. ‘बिल्बाओ’ म्हणजे गेचो, तिथूनही गुगेनहाइम संग्रहालयाकडे मेट्रो जाते. ‘सांतियागो दे कोंपोस्तेला’ असं लिहिलं असेल, तर लक्षात घ्या की त्या तीर्थक्षेत्राला समुद्रच नाही. विगो किंवा आ कोरुन्याला उतरून रेल्वेने किंवा बसने जावं लागतं. आणि उत्तरेकडच्या एखाद्या मार्गावर ‘पॅरिस’ दिसलं, तर ते ल आव्र किंवा आँफ्लर असतं. पॅरिस तिथून सुमारे दोनशे किलोमीटर. एका दिवसात जाऊन-येऊन पॅरिस पाहायच्या फंदात पडू नका. आँफ्लर स्वतःच इतकं देखणं आहे की दिवस तिथेच घालवावा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक बंदरासमोर जहाज धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकणार, हे कंपनीला विचारा. नांगर टाकला की छोट्या होडीतून किनाऱ्यावर न्यावं लागतं, आणि समुद्र उसळला असेल तर कप्तान ते बंदर सरळ गाळतो. करारात त्याला तसा अधिकार असतो आणि त्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. अशा बंदरासाठी परत न मिळणारी तिकिटं आधी काढून ठेवू नका, एवढंच.

ब्रिटनीकडचा, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्याचा मार्ग घेणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रकही पाहा. पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत साडेचार-पावणेपाच मीटरच्या भरतीची बातमी येते. ब्रिटनीतल्या सँ-मालो बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक बारा मीटरच्या वर जातो. जवळच्याच राँस नदीच्या मुखावर याच पाण्याच्या जोरावर १९६६ पासून वीज तयार होते आहे. सँ-मालो बंदराचा आतला भाग जलपाशाच्या, म्हणजे पाण्याची पातळी राखणाऱ्या कोठडीच्या, दारांनी बंद केलेला आहे. लहान जहाज ठरलेल्या भरतीला त्यातून जुन्या शहराच्या तटबंदीपाशी जातं. म्हणून अशा ठिकाणी पोहोचण्याची वेळ पहाटेची किंवा अवेळी असली, तर तो कंपनीचा ढिसाळपणा नसतो.

दुसरी पायरी : महिना ठरवा

यातली बरीच जहाजं हिवाळ्यात उबदार समुद्रांत असतात आणि उन्हाळ्यात नॉर्वे, आइसलँडकडे जातात. या जाण्या-येण्याच्या वाटेवर हा किनारा लागतो. म्हणून इथल्या फेऱ्या मुख्यतः एप्रिल ते जून आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये भरपूर असतात. मला मेचा शेवट ते जूनचा मध्य हा काळ सर्वांत चांगला वाटतो. अंधार पडायला रात्रीचे दहा वाजतात आणि जुलै-ऑगस्टची युरोपीय सुट्टीची गर्दी अजून आलेली नसते. ऑक्टोबरनंतर अटलांटिकवरची वादळं स्पेन आणि फ्रान्समधल्या बिस्केच्या उपसागरात घुसू लागतात. तेव्हा तिकीट स्वस्त मिळालं, तरी पहिल्या प्रवासाला ते घेऊ नये.

तिसरी पायरी : खोली आणि बोट लागणं

लहान जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलतं. हे आधीच मान्य करून खोली निवडा : जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची. तिथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. वरच्या मजल्यावरची गॅलरीची खोली महाग असते, आणि बिस्केत तीच जास्त डोलते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्यावी. ती त्रास सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची असते. झोप आणणारी गोळी असेल, तर घरी एकदा घेऊन पाहा. बोट लागलीच, तर उपाशी राहू नका. कोरडं काहीतरी खाऊन मोकळ्या हवेत, क्षितिजाकडे नजर लावून बसा.

चौथी पायरी : व्हिसा

तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, म्हणून एकच व्हिसा पुरतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे, आणि दिवस सारखेच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. त्यासाठी बंदरांची पत्रिका, लिस्बनमधल्या आणि बोर्दोमधल्या हॉटेलच्या रात्री असं सगळं एका कागदावर मांडून दिवस मोजा आणि तो कागद अर्जासोबत जोडा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणं अवघड होतं, म्हणून लवकर हालचाल करा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे वाचूनच सही करा. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो फुकट नसतो.

मार्गात फ्रान्सजवळची गर्न्सी, जर्सी ही बेटं किंवा लंडन असेल, तर शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. ब्रिटनच्या व्हिसाचं वेगळं पाहावं लागतं, आणि परत फ्रान्सला येणार असाल तर शेंगेन व्हिसाही अनेक प्रवेशांचा हवा. ही चूक महागात पडते. असा प्रवासी बंदरावर नाही, निघतानाच अडवला जातो.

पाचवी पायरी : जेवणाचं लेखी कळवा

शाकाहारी आहात, अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, हे आरक्षणाच्या वेळीच ईमेलने कळवा आणि पोच मागा. लहान जहाजाचा भटारखाना छोटा असतो. सामान ठरवूनच भरलेलं असतं, ऐन वेळी पर्याय नसतो. ‘व्हेजिटेरियन’ एवढा एक शब्द पुरत नाही. मासळीचा अर्क, चिकनचं पाणी, जिलेटिन चालणार नाही हे वेगवेगळं लिहा. क्रूझ जहाजांवर गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले आहेत. तुमच्या जहाजावर कुणी भेटला तर दोन शब्द कोंकणी-मराठीत बोला. मासे खाणाऱ्यांनी मात्र गॅलिशियात जहाजावर जेवूच नये. बंदरावरच्या साध्या खानावळीत जाऊन उकडलेला, वर तिखट पूड घातलेला पुल्पो, म्हणजे ऑक्टोपस, खावा.

सहावी पायरी : दोन दिवस आधी पोहोचा

विमान चुकलं किंवा सामान मागे राहिलं, तर जहाज थांबत नाही. म्हणून लिस्बनला दोन दिवस आधी जा. त्यातला अर्धा दिवस टेगस नदीकाठच्या बेलें या भागाला द्या. १४९७ च्या जुलैमध्ये वास्को द गामा इथून निघाला आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला पोहोचला. त्याची समाधी इथल्या जेरोनिमुश मठात आहे. गोवा, चौल, वसई यांचा पुढचा सगळा इतिहास या नदीकाठावरून सुरू झाला. आपल्या माणसाने तिथे घाईत उभं राहू नये.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम म्हणजे सुरक्षेची कवायत. ती सक्तीची असते, आणि मन लावून करावी. मग घड्याळाकडे पाहा. पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे आहे, आणि मोबाइल आपोआप वेळ बदलतो. परत येण्याची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाने सांगितलेली असते. स्वतःहून फिरायला गेलात तर त्या वेळेच्या तासभर आधी बंदरात या. कंपनीच्या सहलीला उशीर झाला, तर जहाज साधारणपणे वाट पाहतं. एकट्या प्रवाशासाठी पाहत नाही.

शेवटची पायरी : जिरोंदच्या दिवशी डेकवर

खाडीत शिरण्याची वेळ आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा आणि त्या वेळी सहल, जेवण, झोप काही ठेवू नका. तोंडाशीच कोर्दुआँचा दीपस्तंभ आहे. तो १६११ मध्ये पूर्ण झाला आणि आजही दिवा दाखवतो. (आ कोरुन्याला हर्क्युलिसचा मनोरा पाहिला असेल, तर तो त्याहूनही जुना, थेट रोमन काळातला.) पुढे पाणी गढूळ, तपकिरी होत जातं. काठावर खांबांवर उभ्या लाकडी खोपट्या दिसू लागतात. त्यांना पुढे चौकोनी जाळं टांगलेलं असतं आणि ते रहाटाने पाण्यात सोडतात. वर जाताना उजव्या हाताला मेदोकचे द्राक्षमळे, डाव्या हाताला ब्लायचा किल्ला. सरतेशेवटी झाक शाबाँ-देल्मास पुलाचा मधला भाग जहाजासाठी वर उचलला जातो.

उतरायच्या आदल्या रात्री मोठी बॅग खोलीबाहेर ठेवायची असते. पासपोर्ट, औषधं आणि सकाळचे कपडे त्यात जाऊ देऊ नका. बोर्दोहून पॅरिसला जलद रेल्वेने दोन तासांपेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो, पण भरती चुकली की धक्क्याला लागायची वेळ पुढे जाते. म्हणून त्याच दिवसाचं परतीचं विमान घेऊ नका. एक रात्र बोर्दोत राहा आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच्या विमानाचं तिकीट काढा.